दीडशे गुणांचे इंग्रजी

जून महिन्याच्या आठ तारखेला दुपारी चीनमधील शहरांचा नेहमीचा गजबजाट काही काळ दबून जातो. परीक्षाकेंद्रांच्या आसपासची बांधकामे थांबवलेली असतात, मोटारींना भोंगे वाजवण्यास मनाई असते आणि वाहतूक पोलीस चौकाचौकांत उभे राहून वाहने दुसऱ्या रस्त्याने वळवत असतात. तीनचा ठोका पडतो, वर्गातील ध्वनिक्षेपकातून इंग्रजी संवाद सुरू होतो आणि लक्षावधी विद्यार्थी एकाच वेळी कान टवकारतात. इतर विषयांच्या परीक्षेला पंधरा मिनिटांपर्यंत उशीर झाला तरी विद्यार्थ्याला आत घेतले जाते. इंग्रजीला ही सवलत नाही. पावणेतीन वाजता दार बंद होते ते बंदच; उशिरा येणाऱ्याच्या पावलांच्या आवाजाने दुसऱ्या कोणाचे एक वाक्य ऐकायचे राहू नये, हा त्यामागचा हेतू. त्या दारापाशी धापा टाकत दोन मिनिटे उशिरा पोहोचलेल्या मुलांच्या बातम्या चिनी वृत्तपत्रांत अधूनमधून झळकतात.

या परीक्षेचे नाव 'गाओकाओ'. बारावी संपवून महाविद्यालयात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची ही देशव्यापी प्रवेशपरीक्षा. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाख २० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली होती. २०२५ साली हा आकडा १ कोटी ३३ लाख ५० हजार होता. बहुतेक प्रांतांत परीक्षा एकूण ७५० गुणांची असते. त्यांपैकी चिनी भाषेला १५०, गणिताला १५० आणि परकीय भाषेला १५०. उरलेले ३०० गुण विज्ञान वा मानव्यविद्येच्या निवडलेल्या विषयांचे. परकीय भाषा म्हणून इंग्रजी, रशियन, जपानी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश यांपैकी कोणतीही घेता येते, परंतु बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच घेतात. अभियंता होणारा असो, शेतीशास्त्र शिकणारा असो की चिनी वैद्यक, त्याच्या भवितव्याचा पाचवा हिस्सा अशा भाषेवर अवलंबून असतो, जी त्याच्या गल्लीत कोणी बोलत नाही.

पाचवा हिस्सा म्हणजे किती, हे बाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. मोठ्या लोकसंख्येच्या प्रांतांत गुणवत्ता यादीच्या मधल्या पट्ट्यात एकाच गुणसंख्येवर हजाराहून अधिक विद्यार्थी अडकलेले असतात. तिथे दीड गुणाची एक श्रवणचाचणी चुकली, तर यादीतील स्थान दोन-तीन हजारांनी घसरू शकते आणि त्याबरोबर शहर, विद्यापीठ, शाखा सगळेच बदलते. गाओकाओला चिनी लोक 'एकाच ओंडक्याचा पूल' म्हणतात. सारी फौज त्यावरून पलीकडे जाऊ पाहते. त्या ओंडक्याचा एक पंचमांश भाग इंग्रजीचा आहे, आणि तो तसा असावा की नाही, असला तर त्याने नेमके काय मोजावे, यावर चीनमध्ये गेली चाळीस वर्षे वाद सुरू आहे.

या वादाला एक काळीकुट्ट पार्श्वभूमी आहे. १९५०च्या दशकात चिनी शाळांत परकीय भाषा म्हणजे प्रामुख्याने रशियन असे. मॉस्कोशी बिनसल्यानंतर इंग्रजी पुढे आले; पण लगेचच सांस्कृतिक क्रांती सुरू झाली आणि १९६६ साली प्रवेशपरीक्षाच बंद पडली. १९७३ साली हेनान प्रांतातील एका ग्रामीण शाळेत पंधरा वर्षांच्या एका मुलीने इंग्रजीची उत्तरपत्रिका कोरी ठेवली आणि तिच्या मागे चार ओळी खरडल्या. आपण चिनी आहोत, परकी भाषा कशाला शिकायची, एबीसीडी आली नाही तरी क्रांतीचा वारसा चालवता येतो, असा त्यांचा आशय होता. शाळेने तिला सर्वांसमोर दोषी ठरवले आणि आत्मपरीक्षण लिहून देण्यास सांगितले. मुलीने जलाशयात जीव दिला. पुढच्या वर्षी माओ यांच्या पत्नी जियांग चिंग यांनी हे प्रकरण हाती घेतले, परीक्षापद्धतीचे समर्थन करणाऱ्यांविरुद्ध देशभर मोहीम उघडली आणि त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना व वर्गशिक्षकाला तुरुंगात जावे लागले. इंग्रजीच्या एका चाचणीवरून एवढे सारे घडले. परीक्षा घेणाराही भरडला गेला आणि देणारीही.

डेंग झियाओपिंग सत्तेवर परतले आणि १९७७च्या हिवाळ्यात गाओकाओ पुन्हा सुरू झाली. दहा वर्षे शेतांत आणि कारखान्यांत घालवलेल्या तरुणांसह सुमारे ५७ लाख लोक त्या परीक्षेला बसले आणि सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. इंग्रजी मात्र एकदम परत आणता येणार नव्हते, कारण ते शिकवणारेच उरले नव्हते. म्हणून सरकारने मोठ्या धोरणीपणाने हप्त्याहप्त्याने पाऊल टाकले. सुरुवातीला परकीय भाषेचे गुण केवळ संदर्भासाठी नोंदवले जात. १९७९ साली त्यांतील १० टक्के धरले जाऊ लागले, १९८० साली ३० टक्के, १९८१ साली ५०, १९८२ साली ७० आणि १९८३ साली पूर्ण १०० टक्के. शिक्षक तयार होण्यास लागणारा वेळ आणि गुणांचे वजन यांची अशी सांगड क्वचितच कुठल्या सरकारने घातली असेल.

या चढत्या टक्केवारीत सापडलेल्या असंख्य मुलांपैकी एक म्हणजे यू मिनहोंग. खेड्यातील हा मुलगा पहिल्या प्रयत्नात इंग्रजीत ३३ गुण मिळवून नापास झाला, दुसऱ्या खेपेस ५५ गुण मिळाले तरी प्रवेश हुकला, आणि १९८० साली तिसऱ्या खेपेस तो थेट पेकिंग विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात पोहोचला. १९९३ साली त्याने बीजिंगमध्ये 'न्यू ओरिएंटल' नावाची शिकवणी काढली. पुढे ती चीनमधील सर्वांत मोठ्या खासगी शिकवण्यांपैकी एक झाली आणि २००६ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नोंदवली गेली. इंग्रजीच्या गुणांनी अडवलेला माणूस इंग्रजीच्या गुणांवरच श्रीमंत झाला.

परीक्षेला वजन आले, पण ती मोजत काय होती? सुरुवातीच्या प्रश्नपत्रिकांत व्याकरण, उच्चारांचे नियम आणि भाषांतर यांचा भरणा असे. भाषेविषयीचे ज्ञान तपासले जाई, भाषेचा वापर नव्हे. ग्वांगझू येथील परकीय भाषा संस्थेतील ग्वी शिचुन आणि ली शियाओज्यू या दोन अध्यापकांना हे खटकत होते. भाषा-परीक्षणाचे आधुनिक शास्त्र अभ्यासून त्यांनी नवी चाचणी तयार केली आणि १९८५ साली ग्वांगडाँग प्रांतात तिचा प्रयोग झाला. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचे, उत्तरपत्रिका यंत्राने तपासायची, उतारे खऱ्या वापरातील भाषेचे घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. हळूहळू ही चाचणी देशभर स्वीकारली गेली. हेतू उदात्त होता: परीक्षा बदलली की शिक्षक आपोआप बदलतील, पाठांतर मागे पडेल आणि मुले इंग्रजी वापरायला शिकतील. परीक्षेच्या शेपटीने अध्यापनाच्या देहाला हलवायचे, असा हा प्रकार.

आजची प्रश्नपत्रिका त्या चाचणीचीच वंशज आहे. वेळ दोन तास. पहिल्या ३० गुणांसाठी श्रवणाचे २० प्रश्न असतात. त्यांतील पहिले पाच छोटे संवाद फक्त एकदा ऐकवले जातात, पुढचे दोनदा. वाचनाला ५० गुण असतात. चार उताऱ्यांवरचे प्रश्न सोडवले की पाचवा उतारा येतो. त्यातून पाच वाक्ये काढून टाकलेली असतात, समोर सात दिलेली असतात आणि कोणते वाक्य कुठे बसते ते ओळखायचे असते. त्यानंतर एका गोष्टीतील पंधरा गाळलेले शब्द पर्यायांतून भरायचे आणि दुसऱ्या उताऱ्यात दहा शब्दांची योग्य रूपे स्वतः लिहायची. या दोन्हींचे मिळून ३० गुण. शेवटचे ४० गुण लेखनाचे. अभ्यासक्रमाने अपेक्षिलेला शब्दसंग्रह सुमारे तीन हजार शब्दांचा आहे, पण बाजारात खपणाऱ्या पुस्तिकांच्या मुखपृष्ठावर साडेतीन हजारांचा आकडा असतो. चिनी मुलांच्या दप्तरात पाठ्यपुस्तक एकवेळ नसेल, ही पुस्तिका असतेच.

लेखनाच्या भागात चीनच्या दोन पिढ्यांना ठाऊक असलेले एक पात्र भेटते. त्याचे नाव ली हुआ. 'तू ली हुआ आहेस असे समज' या वाक्याने प्रश्न सुरू होतो आणि मग या ली हुआला कोणा परदेशी मित्राला पत्र लिहायचे असते. २०१७ साली तो लेस्ली नावाच्या इंग्रज मित्राला चिनी शिकवत होता आणि पुढच्या तासाला थांग काळातील कविता घेणार असल्याचे कळवत होता. २०१८ साली त्याने चिनी घरी पाहुणा म्हणून जाताना किती वाजता पोहोचावे, भेट काय न्यावी, जेवताना कसे वागावे हे समजावून सांगितले. २०१९ साली तो लंडनमध्ये सुटी घालवत होता आणि तेथील चिनी चित्रांच्या प्रदर्शनात स्वयंसेवक म्हणून काम करू देण्याची विनंती करत होता. चिनी तरुण ली हुआवर भरपूर विनोद करतात: हा कधी अठरा वर्षांच्या पुढे जात नाही, त्याचे सारे मित्र परदेशी आणि सदैव अडचणीत, आणि त्यातला एकही कधी उलट उत्तर पाठवत नाही. विनोद बाजूला ठेवला तरी या ऐंशी शब्दांच्या पत्रांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. चीनला आपल्या मुलांनी इंग्रजी शिकावे असे वाटते ते इंग्रजांचे ऐकण्यापेक्षा त्यांना चीन समजावून सांगण्यासाठी.

पत्राला १५ गुण असतात. उरलेले २५ गुण कथा पुढे नेण्याचे. साधारण साडेतीनशे शब्दांची अर्धवट गोष्ट दिलेली असते, पुढच्या दोन परिच्छेदांची फक्त पहिली वाक्ये दिलेली असतात आणि दीडशे शब्दांत गोष्ट पूर्ण करायची असते. झेजियांग प्रांताने २०१६ साली हा प्रश्न प्रथम विचारला, नंतर तो इतरत्र पसरला. कागदावर पाहता याहून चांगला प्रश्न सापडणे कठीण. विद्यार्थ्याला आधी नीट वाचावे लागते, पात्रांचा स्वभाव ओळखावा लागतो, मग कल्पना लढवावी लागते. घोकंपट्टीला इथे जागाच नाही, असे वाटावे.

जागा दोन वर्षांत सापडली. शिकवण्यांनी आणि शाळांनी भावनांच्या याद्या छापल्या: आनंदासाठी वीस वाक्ये, भीतीसाठी वीस, पश्चात्तापासाठी वीस. डोळ्यांत अश्रू दाटून येतात, हृदय छातीत धडधडू लागते, शेवटी सूर्यकिरण खिडकीतून आत येतात आणि पात्राला जीवनाचा काहीतरी धडा मिळतो. कोणती गोष्ट येईल हे ठाऊक नसले तरी कोणीतरी रडेल आणि कोणीतरी मिठी मारेल एवढे निश्चित असते. मुले ही वाक्ये पाठ करून जातात आणि येईल त्या गोष्टीला जोडतात.

असे का होते, याचा कसून अभ्यास चिनी संशोधक ची लूशिया यांनी केला आहे. प्रश्नपत्रिका काढणारे, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्याशी बोलून त्यांनी २००५ आणि २००७ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष आजही उद्धृत केले जातात. पत्रलेखनाचा प्रश्न घालताना परीक्षकांची अपेक्षा अशी होती, की वर्गात मुले कोणाला, कशासाठी, कोणत्या सुरात लिहायचे याचा विचार करू लागतील. प्रत्यक्षात वर्गांत संदर्भाचा विचार झालाच नाही. शिक्षकांनी शिकवले ते एवढेच: चुका टाळा, परीक्षकाला आवडणारी वाक्यरचना पेरा आणि अक्षर सुबक काढा. ची लूशिया यांच्या मते दोष एकट्या शिक्षकांचा नव्हता. एकच परीक्षा दोन कामे करत होती. विद्यार्थ्यांना निवडणे हे तिचे पहिले काम आणि अध्यापन सुधारणे हे दुसरे. पहिल्याचे ओझे इतके, की दुसरे त्याखाली चिरडले जाते. माझ्या मते गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक सुधारणेचे जे झाले, त्याची किल्ली या निरीक्षणात आहे.

अक्षराची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. उत्तरपत्रिका छायांकित होऊन संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात. तपासनीस दिवसाकाठी शेकडो निबंध नजरेखालून घालतो. हे ओळखून हेबेई प्रांतातील हेंगशुईच्या प्रसिद्ध शाळेतील मुलांनी एक इंग्रजी वळण घडवले. गोल, सुटी, एकसारख्या उंचीची अक्षरे, जणू छापखान्यातून उतरलेली. या वळणाला 'हेंगशुई अक्षर' असे नावच पडले असून त्याच्या कित्ता गिरवायच्या वह्या देशभर विकल्या जातात. शब्द तोंडातून कसा बाहेर पडतो हे नीट न कळलेली मुले तो कागदावर निर्दोष वळणात उतरवतात.

या मुलांच्या इंग्रजीला चिनी भाषेत एक बोचरा शब्द आहे: 'याबा यिंग्यू', म्हणजे मुके इंग्रजी. वाचता येते, गाळलेली जागा भरता येते, बोलता येत नाही. १९९०च्या दशकात ली यांग नावाच्या माणसाने यावर जालीम उपाय काढला. 'वेडे इंग्रजी' या नावाने तो क्रीडांगणांत हजारो लोकांना जमवून इंग्रजी वाक्ये गळा फाडून ओरडायला लावी. लाज गेली की भाषा येते, हे त्याचे तत्त्वज्ञान. त्याने किती जणांना भाषा आली हे सांगणे कठीण. पण भर मैदानात ओरडण्यासाठी लोक पैसे मोजत होते, यावरून शाळेने सोडलेली पोकळी किती मोठी होती ते कळते.

मग परीक्षेतच बोलायला का लावू नये? प्रश्न साधा, उत्तर अवघड. लक्षावधी मुलांची तोंडी परीक्षा घ्यायला तेवढे परीक्षक आणायचे कुठून, आणि एका परीक्षकाचे सात म्हणजे दुसऱ्याचे सातच, याची हमी कोण देणार? ग्वांगडाँगने २०११ साली संगणकाचा मार्ग धरला. विद्यार्थी डोक्यावर श्रवणयंत्र चढवून पडद्यासमोर बसतो, ऐकलेला उतारा तशाच चालीत वाचून दाखवतो, मग एका संवादात प्रश्न विचारतो आणि उत्तरे देतो, शेवटी ऐकलेली गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगतो. या चाचणीला आता २० गुण आहेत. शांघायने बोलण्यासाठी स्वतंत्र गुण ठेवले. बीजिंगने २०२१पासून श्रवण आणि संभाषण मिळून ५० गुण संगणकावरील चाचणीला दिले, आणि ती वर्षातून दोनदा देऊन चांगले गुण धरण्याची मुभाही दिली.

ही तिन्ही ठिकाणे चीनमधील सर्वांत सधन भागांत मोडतात, हा योगायोग नव्हे. चीनच्या आतल्या डोंगराळ प्रांतांतील तालुक्याच्या शाळेत इंग्रजीचा शिक्षक स्वतःच मुक्या इंग्रजीचा विद्यार्थी असतो. शहरातले मूल बालवाडीपासून इंग्रजी कार्टून पाहते, सुटीत सिंगापूरला जाऊन येते. खेड्यातले मूल तिसरीत, तेही शिक्षक असेल तर, पहिले इंग्रजी अक्षर पाहते. चीनने तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचा निर्णय २००१ साली घेतला. महाराष्ट्राने त्याच्या आदल्याच वर्षी ते पहिलीपासून सुरू केले होते, त्यामुळे कागदावरचा निर्णय आणि वर्गातला शिक्षक यांतले अंतर आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. व्याकरणाचा नियम गरीब मुलालाही रात्री दिव्याखाली बसून पाठ करता येतो. उच्चार तसा पाठ करता येत नाही. तो कानावर पडावा लागतो. म्हणजे चाचणी जितकी खऱ्या भाषेच्या जवळ जाते, तितकी ती घरच्या परिस्थितीच्या जवळ जाते. गाळलेल्या जागांची ती रुक्ष, निर्जीव प्रश्नपत्रिका खेड्यातील मुलाची मित्र आहे, असे म्हणणारे चीनमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावता येत नाही.

न्यायाचा हा प्रश्न किती स्फोटक आहे, ते झेजियांगमध्ये दिसले. सप्टेंबर २०१४मध्ये केंद्र सरकारने गाओकाओच्या सुधारणेचा आराखडा जाहीर केला. त्यात परकीय भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा देण्याची तरतूद होती. एका दिवसाच्या तापाने किंवा घबराटीने कोणाचे आयुष्य बिघडू नये, ही त्यामागची कळकळ. झेजियांग आणि शांघाय यांनी ती आधी अमलात आणली. पण दोन परीक्षा आल्या की एक तांत्रिक अडचण येते: दोन्ही प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड असल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०१८मधील प्रश्नपत्रिका अवघड गेली. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी आधीच्या परीक्षेशी मेळ बसावा म्हणून काही प्रश्नांच्या गुणांना वाढीव वजन दिले आणि निकाल लावला. कोणालाही हे आधी सांगितलेले नव्हते.

निकाल पाहून पालक चक्रावले. एकाच शाळेतील, एकाच बाकावरील मुलांच्या गुणांत वाढ सारखी झालेली नव्हती. ज्याची अवघड भागातील उत्तरे बरोबर होती, त्याच्यापेक्षा दुसऱ्या भागात गुण मिळवलेल्याला अधिक लाभ झाल्याच्या तक्रारी आल्या. अधिकाऱ्यांनी प्रथम हे शास्त्रीय असल्याचे सांगितले. असंतोष वाढत गेला तेव्हा खुद्द प्रांताचे गव्हर्नर युआन जियाजुन यांच्या नेतृत्वाखाली चौकशी झाली. ५ डिसेंबर २०१८ रोजी प्रांत सरकारने हा निर्णय चुकीचा असल्याचे जाहीर केले, वाढीव गुण रद्द करून मूळ गुण पुनःस्थापित केले आणि शिक्षण विभागाच्या प्रमुखांना पदावरून दूर करण्यात आले. गंमत अशी, की दोन परीक्षांचे गुण एका मापावर आणण्याची गरज खरी होती. आंतरराष्ट्रीय भाषा-चाचण्या हे काम नित्य करतात. पण ते गणित परीक्षेआधी ठरवून, तपासून, जाहीर करावे लागते. निकाल हाती आल्यावर केलेले गणित कितीही शुद्ध असले, तरी ज्याचा गुण गेला त्याला ते हातचलाखीसारखेच दिसते.

एवढ्या तापापेक्षा इंग्रजीचे वजनच कमी करावे, हा विचार चीनमध्ये दर काही वर्षांनी डोके वर काढतो. ऑक्टोबर २०१३मध्ये बीजिंगने मसुदा जाहीर केला: २०१६पासून इंग्रजीचे गुण १५०वरून १०० आणि चिनी भाषेचे १५०वरून १८०. मातृभाषेच्या कैवाऱ्यांनी स्वागत केले, शिकवण्यांचे धाबे दणाणले. तो बदल त्या रूपात कधीच अमलात आला नाही. २०१४च्या राष्ट्रीय आराखड्याने तिन्ही मुख्य विषयांचे वजन कायम ठेवले. मार्च २०२१मध्ये राष्ट्रीय सल्लागार परिषदेचे सदस्य शू जिन यांनी इंग्रजीला चिनी आणि गणिताच्या बरोबरीचा मुख्य विषय ठेवू नये, अशी सूचना मांडली. बहुतेक पदवीधरांना पुढे इंग्रजी लागत नाही आणि भाषांतर करणारी यंत्रे आली आहेत, असा त्यांचा युक्तिवाद होता. समाजमाध्यमांवर कडाक्याचा वाद झाला. विशेष म्हणजे ग्रामीण मुलांच्या नावाने दोन्ही बाजूंनी बोलले गेले. एक बाजू म्हणाली, ओझे उतरवा. दुसरी म्हणाली, श्रीमंत आपल्या मुलांना इंग्रजी शिकवतच राहतील, सरकारी शाळेतून ते काढले की गरिबाची वाट तेवढी बंद होईल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते.

दरम्यान विद्यार्थ्यांनी आपल्यापुरती एक पळवाट शोधून काढली आहे. इंग्रजीत कच्ची असलेली मुले अलीकडे जपानी घेऊ लागली आहेत. जपानी लिपीत चिनी चित्राक्षरे मोठ्या संख्येने आहेत, त्यामुळे वाचताना अर्धा अर्थ डोळ्यांनाच कळतो. दोन वर्षांत शून्यापासून सुरुवात करूनही दीडशेपैकी बरे गुण पदरात पडतात. जपानशी किंवा जपानी साहित्याशी या निवडीचा फारसा संबंध नसतो. पुढे महाविद्यालयात बरेच अभ्यासक्रम इंग्रजी गृहीत धरतात, तेव्हा ही मुले अडचणीत येतात. पण तो प्रश्न पूल ओलांडल्यानंतरचा.

जुलै २०२१मध्ये सरकारने शालेय शिकवण्यांवर कडक निर्बंध घातले आणि 'न्यू ओरिएंटल'ला हजारो कर्मचारी कमी करावे लागले. यू मिनहोंग यांनी उरलेल्या शिक्षकांना घेऊन इंटरनेटवर शेतमाल विकायला सुरुवात केली. जून २०२२मध्ये त्यांच्यापैकी डोंग यूहुई हा तरुण एकाएकी देशभर गाजला. तांदूळ आणि मक्याची कणसे विकताना तो शेजारच्या पांढऱ्या फळ्यावर त्या वस्तूंचे इंग्रजी शब्द लिहून समजावून सांगे, मध्येच कविता, मध्येच इतिहास. गाओकाओसाठी इंग्रजी शिकवलेल्या शिक्षकाकडून लोक कणसे घेत होते आणि गुण न मिळणारे इंग्रजी आवडीने ऐकत होते.

शिक्षण मंत्रालयाने २०१८ साली इंग्रजीच्या प्रावीण्याची नऊ पायऱ्यांची राष्ट्रीय श्रेणी प्रसिद्ध केली. प्रत्येक पायरीवर माणसाला भाषेत काय करता आले पाहिजे हे तीत लिहिले आहे आणि बोलण्याला वाचनाइतकेच स्थान आहे. आयल्ट्स आणि टोफेल या परदेशी चाचण्यांशी तिचे नाते जोडले गेले आहे. गाओकाओत दीडशेपैकी १४० गुण मिळवलेला मुलगा परदेशी विद्यापीठात जाऊ लागला, की त्याला बहुतेक वेळा यांपैकी एखादी चाचणी नव्याने द्यावी लागते, आणि आयल्ट्समध्ये समोर जिवंत परीक्षक बसलेला असतो. देशात मात्र अनेक प्रांतांत तोंडी परीक्षा आजही केवळ परकीय भाषेच्या शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्यांपुरती असते. तिचे गुण वेगळ्या रकान्यात नोंदवले जातात, ७५०च्या बेरजेत धरले जात नाहीत.